कलश मांडायचा तर भरून मांडा

मार्गशीर्ष लागला की आमच्या गुहागरातल्या वाडीतल्या नव्या सुना विचारायला येतात, "काकू, गुरुवारचा कलश नीट कसा मांडायचा?" बऱ्याच जणी मुखवटा आधीच घेऊन आलेल्या असतात. मी म्हणते, मुखवटा ठेव बाजूला, तांब्या दाखव.

तांब्या पोटाला गोल आणि गळ्याला आवळ असावा. शेंडी राखून सोललेला नारळ वर नीट टेकला पाहिजे, आत घसरता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. म्हणून नारळ घ्यायला जाताना तांब्या पिशवीत टाकून न्यायचा. दुकानदार हसला तर हसू दे. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं तांबं लगेच काळवंडतं. त्याला पावडर कशाला हवी? भिजवलेली आमसुलं मीठ लावून चोळा, आंबटानं काळिमा सुटतो. मग भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडा पुसा, नाहीतर हिरवे डाग धरतात.

पाटावर तांदळाची रास घाला, तळ रुतेल एवढी. उकडे तांदूळ नकोत.

आता पाणी. सांडेल या भीतीनं अर्धा तांब्या भरणाऱ्या पुष्कळ पाहिल्यात, आणि मला ते अजिबात पटत नाही. काठाला बोटभर कमी, इतकं पाणी हवंच. एक तर पानांचे देठ पाण्यात बुडले तरच पानं दुसऱ्या दिवशीपर्यंत टवटवीत राहतात. आणि दुसरं, या पूजेत सगळं महत्त्व भरलेपणालाच आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात नव्या घराचं सूक्त आहे. त्यात घरच्या बाईला सांगितलंय की हा भरलेला कुंभ घेऊन ये, अमृतानं भरलेली तुपाची धार घेऊन ये. भरहूत आणि सांचीच्या स्तूपांवर, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात, घटाच्या तोंडातून कमळं उसळून वर आलेली दिसतात. एवढं लांब जायला नको असेल तर बोरिवलीजवळ कान्हेरीला जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कित्येक खांब दगडी घटातूनच उभे केलेत. हे स्तूप आणि लेणी बौद्धांची. जैनांच्या अष्टमंगलात, म्हणजे आठ शुभचिन्हांतही, कलश आहेच. तेव्हा "ही आमच्याच घराण्याची पद्धत" असं कुणी ठसक्यात सांगितलं तर मी गप्प बसते.

त्या दगडी घटांतली कमळं पाहा, कशी मोकळी बाहेर झेपावतात. आपली आंब्याची पानंही तशीच लावायची. पाच पानांचा डहाळा असेल तर फारच छान, सुटी पानं असतील तर टोकं बाहेर वळवून गोलाकार पसरा. नारळाखाली चेंगरून टाकू नका. विड्याची पानं चालतात, प्लॅस्टिकची नाही.

पानं लावण्याआधी पाण्यात सुपारी, नाणं, दूर्वा, गंध, अक्षता आणि फूल घाला. बाहेरून हळदकुंकवाची बोटं ओढा. श्लोकात कलशाच्या मुखाशी विष्णू, कंठाशी रुद्र, मुळाशी ब्रह्मा आणि मधे मातृगण सांगितलेत. म्हणजे भरलेलं पोट बायकांच्याच ताब्यात, हे मला आवडतं. मग नारळ, शेंडी वर करून. मुखवटा आणि साडी हौसेप्रमाणे, फक्त साडीच्या वजनानं नारळ कलंडणार नाही एवढं बघा.

शुक्रवारी सकाळी कलश हलवून पाणी पानानं घरभर शिंपडायचं, उरलेलं माडाच्या मुळात. तांदळाची खीर करा. नारळ फोडून वड्या. तो कुजका निघाला तर अपशकुन म्हणून रडत बसू नका, घेताना कानाशी धरून हलवला नसेल.