मूल ऐकत नाही? निदान या चुका टाळा

संडे स्कूलमध्ये शिकवायला लागल्यापासून एकच गाऱ्हाणं ऐकतोय: "सगळं करून पाहिलं, ऐकतच नाही." काय काय केलं विचारलं की ओरडणं आणि धपाटे, एवढंच निघतं.

सगळ्यात वाईट चूक मीच केलेली आहे: प्रार्थनेतून मुलाला झापणं. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, राहायला गोव्यातल्या बार्देशात. २४ जूनला, सांजांवला, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाला, वाड्यावरची पोरं डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात. आईच्या, एलिझाबेथच्या, पोटात असताना योहानानं उडी मारली, त्याची ही आठवण. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पोहता येत नव्हतं, म्हणून काठावरच थांब असं बजावलं होतं. थोड्या वेळानं बघतो तर गडी कुणाची तरी ट्यूब घेऊन पाण्यात! बाहेर ओढला आणि सगळ्या वाड्यादेखत दोन ठेवून दिल्या. ती चूक होतीच, पण खरी माती संध्याकाळी खाल्ली. घरच्या प्रार्थनेत डोळे मिटून देवाला सगळा अहवाल दिला: "हे प्रभू, या घरात जो आईबापांचं ऐकत नाही, त्याला सद्बुद्धी दे..." आमेन म्हणून डोळे उघडले, तर पोरगं टक्क माझ्याकडे बघत होतं. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखायला लागलं.

आता राग असेल त्या दिवशी मी फक्त येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतो. 'ऋण सोडले आहे', म्हणजे आम्ही इतरांना क्षमा केली आहे, या शब्दांपाशी जीभ अडखळते, ते बरंच आहे.

शेजारच्या आंटीकडे तेर्स, म्हणजे संध्याकाळची रोजरीची प्रार्थना, संपला की नातवंडं बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दिवसभर उच्छाद मांडलेल्या नातवालाही आशीर्वाद आधी मिळतो, हिशेब नंतर. हे मी सरळ उचललं. शाळेला निघताना डोक्यावर हात, मग आदल्या रात्री कितीही वाजलेलं असो.

दुसरी चूक, न विचारता निकाल देणं. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा मरियेनं आधी विचारलं, "बाळा, तू आमच्याबरोबर असा का वागलास?" तीन दिवस शोधून! मी दोन दिवसांनी विचारलं तेव्हा कळलं, पोरांनी त्याला 'भित्रा' म्हटलं होतं. दया म्हणजे मोकळीक नव्हे. विहिरीवर एकट्यानं जायची बंदी कायम राहिली. फक्त मी त्याला पोहायला शिकवायला लागलो.

बाकीच्या चुका किरकोळ. "देव शिक्षा करील" म्हणून घाबरवू नका, देव पोलीस नाही. लगेच "सॉरी म्हण" नको, ते नुसतं तोंडातून निघतं. शाळेतून आल्या आल्या चौकशी नको. आधी शीतकढी, म्हणजे भात-कालवण, वाढा. आणि 'छडी आवरणारा मुलाचा वैरी' हे बायबलातलं वचन, नीतिसूत्रे १३:२४, तोंडपाठ असलेल्या बापांनी इफिसकरांस पत्र ६:४ सुद्धा उघडावं: मुलांना चिरडीस आणू नका.

"आठवडाभर प्रेमानं वागलो, फरक नाही," म्हणणारे भेटतातच. मी विचारतो, ओरडण्याला किती वर्षं दिलीत? जूनमध्ये सुरू झालेली ती पोटदुखी आमच्याकडे ऑक्टोबरात थांबली.