आधी पान उलटा! मूळ कॉमिक चित्रं घेताना या चुका टाळा

जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात कॉमिकचं एकच पान 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं. माइक झेकनं काढलेलं, ‘सिक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं पंचविसावं पान. स्पायडर-मॅनला काळा पोशाख मिळतो ते. अशी बातमी आली की काही जणांच्या अंगात येतं आणि ‘गुंतवणूक’ म्हणून पहिलं पान घरी येतं. मग काही महिन्यांनी तेच जुने प्रश्न: हे खरं आहे ना? कडा पिवळी का पडली? डाग कसा काढू?

बहुतेक चुकांचं मूळ एकच. लोक पात्र बघतात, कागद बघत नाहीत. बॅटमॅन दिसला की खिसा सैल सुटतो. पण आपण घेतो तो बॅटमॅन नसतोच. एका माणसानं पेन्सिलीनं आखलेला, बहुतेक वेळा दुसऱ्यानं शाई भरलेला आणि छापखान्याच्या वाटेवर चार हात लागलेला जाड बोर्ड आपण घेत असतो. त्या बोर्डावर वाचण्यासारखं जे असतं ते निम्मं समासात आणि पाठीवर असतं.

फ्रेममधलं पान फ्रेममध्येच विकत घेणं

ही चूक सर्वात महागात पडते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

नेहमीचा प्रसंग असा. काचेमागे सुंदर पान. काळी शाई, खाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा, कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं केलेली दुरुस्ती, वर समासात अंक क्रमांक. विकणारा म्हणतो, ‘फ्रेम जुनी आहे, उघडली तर किंमत उतरेल.’ घेणारा मान डोलावतो, पैसे देतो. वर्षभरानं काच बदलायची म्हणून फ्रेम उघडते. पान बाहेर येतं तेव्हा बोर्ड नसतोच, जाडसर छपाईचा कागद असतो. डावी कड पट्टी धरून ब्लेडनं कापलेली. आणि पान उलटलं की मागे गोष्टीचं पुढचं पान छापलेलं!

हे कसं होतं? 2010 पासून अमेरिकेत मूळ पानांची हुबेहूब, मूळ आकारातली मोठी पुस्तकं निघू लागली. बोर्ड रंगीत स्कॅन केलेला असतो, त्यामुळे पेन्सिल, सफेदा, डिंकाचे पिवळे डाग सगळं छापलं जातं. पुस्तक प्रामाणिक असतं. त्यातलं पान कापून काचेमागे घालणारा नसतो. काचेमागे डोळ्यांना फरक कळत नाही, आणि फोटोत तर अजिबात नाही.

म्हणून फ्रेम उघडल्याशिवाय व्यवहार नाही. ‘किंमत उतरेल’ हे कारण ऐकलं की तिथूनच उठावं. पान हातात आल्यावर हा क्रम ठेवा:

1. मोजपट्टी लावा. 1967 च्या सुमारापर्यंत अमेरिकी कॉमिकची पानं मोठी काढत. चित्राचा भाग साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच. त्यानंतर 10 बाय 15 इंचांचं चित्र, 11 बाय 17 च्या बोर्डावर. 1964 चं म्हणून 11 बाय 17 चं पान कोणी दाखवलं तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

2. दहापट भिंग घ्या. खरी शाई सलग काळी दिसते, कडेला तंतूंमध्ये किंचित शिरलेली. छपाई असेल तर ठिपके दिसतात, आणि ‘निळी पेन्सिल’सुद्धा ठिपक्यांचीच निघते.

3. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सफेद्याचे उंचवटे, टाकानं कागद खरवडलेला, खोडरबरानं उडालेली चकाकी, चिकटवलेल्या संवादाच्या फुग्यांच्या कडा, सगळं एकदम वर येतं. छापील कागद मात्र सपाट पडून राहतो.

4. पान उलटा. अमेरिकी पानाच्या पाठीवर कॉमिक्स कोडचा (तिथल्या कॉमिक तपासणी मंडळाचा) किंवा कंपनीचा शिक्का असू शकतो, कधी बाकड्यावरची शाई, कधी भलतंच एखादं कच्चं रेखाटन. पाठ अगदी स्वच्छ असली म्हणजे पान खोटंच असं नाही, पण विचारायला जागा आहे.

5. छापील अंक शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून पाहा. गंमत अशी की खऱ्या पानात आणि छापील पानात थोडा फरक असायलाच हवा: खोडलेला हात, बदललेला संवाद, समासातली सूचना. जे पान छापील अंकाशी तंतोतंत जुळतं, ज्याखाली रचनेची पेन्सिल नाही आणि ज्याची लांब रेघ मध्येच थरथरते, ते लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या काचेवर, ठेवून गिरवलेलं असण्याचा संभव दाट.

अतिनील टॉर्चवर हल्ली फार भरवसा ठेवतात. कागद निळसर पांढरा चमकवणारी रसायनं साधारण 1950 नंतर रुळली, त्यामुळे 1940 च्या दशकातलं म्हणून दिलेलं पान लखलखलं तर ते नाकारता येतं. 1970 चं पान चमकलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. टॉर्च घ्या जरूर, पण मोजपट्टीच्या नंतर.

‘इंद्रजाल’चं ओरिजिनल पान

ही आपल्याकडची खास चूक. वेताळावर वाढलेल्या पिढीला आता परवडतं, आणि ‘इंद्रजाल कॉमिक्सचं मूळ पान’ म्हटलं की डोळे पाणावतात. पण जरा थांबा. 1964 मध्ये सुरू झालेल्या इंद्रजालमधल्या वेताळाच्या गोष्टी मुळात वर्तमानपत्री पट्ट्या होत्या. लेखन ली फॉकचं आणि 1961 पासून पुढची तीन दशकं चित्रं साय बॅरीची. मुंबईत त्या पट्ट्यांच्या चौकटी कापून, कमीजास्त करून, पानाच्या आकारात बसवल्या जात. म्हणजे अशा गोष्टीच्या आतल्या पानाचं शाईतलं मूळ पान असं काही नसतं. मूळ असते ती आडवी पट्टी: दोन ते चार चौकटी, कोपऱ्यात तारीख, चिकटवलेली किंग फीचर्सची (वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीची) हक्काची चिठ्ठी. चिठ्ठी गळून पडलेली असू शकते, तरी तिच्या डिंकाचा तपकिरी चौकोन राहतो. कोणी उभं, सहा चौकटींचं वेताळाचं ‘मूळ’ पान दाखवलं तर ते फार तर छपाईसाठी केलेली जुळणी असेल. जपण्यासारखी वस्तू आहे, पण तिचा भाव वेगळा. मुखपृष्ठांचं आणि ‘बहादूर’सारख्या इथेच काढलेल्या गोष्टींचं मात्र असं नाही. त्यांची चित्रं इथल्याच चित्रकारांनी काढली, गोविंद ब्राह्मणियांसारख्यांनी.

एका पानाची दोन ओरिजिनल

पूर्वी पेन्सिलर ज्या बोर्डावर काढी त्याच बोर्डावर इंकर शाई भरी. आता बरेचदा पेन्सिलीचं स्कॅन ईमेलनं जातं, इंकर ते फिक्या निळ्यात दुसऱ्या बोर्डावर छापून घेतो आणि त्यावर शाई करतो. याला ब्लू लाइन म्हणतात. मग पेन्सिलीचं एक पान आणि शाईचं एक पान, दोन्ही खरी. शाईच्या पानावर पेन्सिलरचा हात लागलेलाच नसतो, तरी जाहिरातीत मोठ्या अक्षरात नाव त्याचंच असतं. विकणाऱ्याला सरळ विचारा: ‘शाईखाली ग्रॅफाइट आहे की छापील निळं?’ उत्तर गोलमोल आलं तर भाव ब्लू लाइनचाच द्या.

फुगे रिकामे दिसले म्हणून घाबरू नका. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अक्षरं संगणकावर होऊ लागली, त्यामुळे बहुतेक नव्या पानांवर संवाद नसतात. जुन्या पानांवर हातानं लिहिलेली अक्षरं असावीत.

आणखी काही झटपट:

कलर गाइड म्हणजे मूळ चित्र नव्हे. तो फोटोकॉपीवर रंगवलेला छापखान्यासाठीचा नमुना, आणि त्याचे रंग उन्हात भराभर उडतात.

‘आफ्टर अमुक’ लिहिलेलं असेल तर ते दुसऱ्या कोणीतरी काढलेलं आहे. लहान अक्षरांत असतं, वाचत चला.

चित्रकार टॅबलेटवर काढत असेल तर ‘एकमेव प्रिंट’ ही प्रिंटच.

मुखपृष्ठावरचं शीर्षक बहुधा फोटोस्टॅट चिकटवून केलेलं असतं. ते नवं घातलं असेल तर हरकत नाही, पण तसं सांगितलेलं हवं.

पहिलंच पान मुखपृष्ठ घ्यायचा हट्ट सोडा. त्याच पैशात त्याच हाताची दोन-तीन उत्तम आतली पानं येतात, आणि गोष्ट कशी सांगितली जाते हे आतल्या पानातच दिसतं. मार्व्हलच्या 1960 च्या दशकातल्या पानांच्या समासात चित्रकार जॅक कर्बीनं पेन्सिलीनं लिहिलेल्या टिपा सापडतात, इथं काय चाललंय, कोण काय म्हणतोय. हा आनंद छापील अंकात कधीच मिळत नाही. घाई करणाऱ्याला तो फ्रेममध्येही मिळत नाही, कारण त्यानं समास माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दाबलेला असतो.

पावसाळा आणि फ्रेमवाला

दुसरी लाडकी चूक. हजारो रुपयांचं पान कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे देऊन ‘छान बसवून द्या’ म्हणायचं. तो छानच बसवतो: मागे हार्डबोर्ड, पान त्यावर गमनं सपाट चिकटवलेलं, भोवती खाकी टेप, पुढे साधी काच थेट शाईला टेकलेली. मग ही फ्रेम बाहेरच्या भिंतीवर चढते, ज्या भिंतीला जुलैत ओल येते. मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर सहज जाते. बोर्ड फुगतो, पण चिकटवलेला असल्यानं पसरू शकत नाही, म्हणून लाटा येतात. काचेच्या आत दव धरतं आणि शाई काचेला चिकटते. हार्डबोर्डचं आम्ल कडेनं आत सरकतं. गमाच्या वासानं कसर येते. ऑक्टोबरात पान उतरवलं तर अर्धं काचेवर, अर्धं हार्डबोर्डवर.

फ्रेमवाल्याला कागदावर लिहून द्या: मागे-पुढे शंभर टक्के सुती, आम्लरहित माउंटबोर्ड. पान फक्त पॉलिएस्टरच्या कोपऱ्यांत अडकवलेलं. त्याला गम, टेप, दुतर्फी टेप काही लावायचं नाही. माउंटची खिडकी समासासकट सगळं पान दिसेल एवढी. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक, आणि ते पानापासून सुटं. पाठीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यात हवा खेळेल. भिंत आतली निवडा, समोर खिडकी नको. तो ‘एवढं कशाला’ म्हणाला तर दुसरा फ्रेमवाला शोधा.

काजळीची चायनीज इंक उजेडाला दाद देत नाही. मार्करचं काळं मात्र जांभळं-तपकिरी होत जातं आणि कडेनं पसरतं. त्यामुळे मार्करनं भरलेली पानं भिंतीवर तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त नकोत.

न टांगलेली पानं पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांच्या पोर्टफोलिओत किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित बोर्ड घालून ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे पीव्हीसी फोल्डर वापरू नका. ते काही वर्षांत चिकट होतात आणि फोटोकॉपीची अक्षरं उचलून घेतात. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) उत्तम, आतली रुंदी 17 इंच बसेल एवढी आहे ना ते पाहून घ्या आणि आर्द्रतेचा काटा 45 ते 50 टक्क्यांवर ठेवा. सिलिका जेल ओतून 30 वर आणणारे उत्साही असतात. मग बोर्ड वाकतो आणि चिकटवलेले फुगे गळतात.

गळले तर? रबर सिमेंट हातात घेऊ नका. जुने तपकिरी डाग त्याचेच असतात. फुगा छोट्या पॉलिएस्टर पाकिटात घालून पानामागे ठेवा, आणि तो कुठला होता याचा फोटो. पेन्सिल खोडून ‘स्वच्छ’ करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! चित्रकाराच्या सहीसाठी पान पुढे करायचं असेल तर समासात, पेन्सिलीनं.

पैसे आणि पार्सल

लिलावात बोली 500 डॉलरची म्हणजे बिल 500 चं नव्हे. त्यावर 20 टक्क्यांच्या आसपास बायर्स प्रीमियम (लिलाव कंपनीचं घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन) धरा, म्हणजे 600. मग कुरिअर, विमा, बँकेचं कन्व्हर्जन आणि इथलं सीमाशुल्क. बोली लावण्याआधी हा आकडा कागदावर मांडा. इन्व्हॉइसवर ‘कॉमिक’ किंवा ‘पोस्टर’ नको. ‘हातानं काढलेलं शाईचं मूळ चित्र, कागदावर’ असं आणि 9701 हे सीमाशुल्क यादीतलं शीर्ष लिहायला सांगा. दर बदलतात, ते कस्टम्स एजंटकडून त्या वेळचे घ्या. किंमत कमी दाखवायला सांगणारे हुशार बरेच. पार्सल हरवलं की विम्याचे पैसेही तेवढेच कमी मिळतात.

पान गुंडाळून नळीत पाठवू देऊ नका. 11 बाय 17 च्या पानाला 13 बाय 19 चे दोन कोरुगेटेड पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठल्याही बाजूनं वाकत नाहीत. पाकीट एका पुठ्ठ्याला टेपनं धरलेलं, नाहीतर पान सरकून कोपरे ठेचतात. टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी हर्जेनं 1936 मध्ये केलेलं नाकारलेलं मुखपृष्ठ घड्यांच्या खुणांसकट 2021 मध्ये पॅरिसला सुमारे 32 लाख युरोला गेलं, हे खरं. पण ती घडी हर्जेच्या काळची होती, कुरिअरवाल्याची नव्हती.

पार्सल पावसाळ्यात आलं तर दिवसभर खोलीत तसंच राहू द्या, मग उघडा. उघडताना फोन समोर चालू ठेवा, कारण नुकसानीचा दावा त्यावरच उभा राहतो. पान बाहेर काढलं की पहिला फोटो पाठीचा.