दोन सेलांमधली विद्युत ओढ डोळ्यांना दिसेल अशी मांडणी

दोन सेलांच्या विरुद्ध टोकांमध्ये विद्युत ओढ असते, पण ती फार दुबळी; टेबलावरचे दोन पेन्सिल सेल एकमेकांकडे घरंगळले, तर टेबल उतरते आहे असे समजा. 1.5 व्होल्ट, समोरासमोर 1 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आणि मध्ये 1 मिलिमीटर फट, एवढ्यात ओढ भरते जेमतेम 1 नॅनोन्यूटन. सेलचे वजन तिच्या वीस कोटी पटींहून जास्त. मात्र ही ओढ व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, आणि त्याचाच फायदा घ्यायचा.

9 व्होल्टच्या सहा चौकोनी बॅटऱ्या घ्या. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋणात अडकवत माळ करा: 54 व्होल्ट, ओढ 1296 पट. दोघींची दोन्ही टोके एकदम जोडली तर शॉर्ट होऊन त्या तापतात. 60 व्होल्टच्या वर जाऊ नका. थोड्या उतरलेल्या बॅटऱ्याही चालतात, कारण प्रवाह जवळपास लागतच नाही. खाऱ्या हवेने टोकांवर गंज चढला असेल तर आधी पॉलिश पेपरने घासा.

स्वयंपाकघरातल्या फॉइलची 5 × 1 सेंटिमीटरची पट्टी काचेवर चमच्याने सपाट करा. वरचे टोक आडव्या, उघड्या तांब्याच्या तारेवर सैल दुमडून टांगा; घट्ट दुमडलीत तर झुलणार नाही. समोर सपाट पत्रा उभा करा. फट मोजायला झेरॉक्सचे दहा कागद घाला आणि मग काढून घ्या. प्लॅस्टिकचे कार्ड नको, घासून त्यावरच विद्युत भार चढतो. माळेचे एक टोक तारेला, दुसरे प्रवाह रोखून धरणाऱ्या 1 मेगाओहमच्या रेझिस्टरमधून पत्र्याला. पट्टी पत्र्याकडे खेचली जाते.

हलली नाही तर आधी पंखा बंद करा, मग तार आणि पत्रा ज्यावर टेकवलेत तो आधार तपासा. पुठ्ठा किंवा लाकूड पावसात ओल धरते, त्यातून भार गळतो आणि रेझिस्टरमुळे पत्र्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नाही. आधार सीडीच्या डबीचा करा. गोव्यात जून ते सप्टेंबर फुगा केसांवर घासायचे प्रयोग हमखास फसतात. या प्रयोगात मात्र थोडाफार गळालेला भार बॅटरी लगेच भरून काढते, म्हणून पावसाळ्यातल्या शाळेच्या प्रदर्शनाला हाच प्रयोग ठेवावा.

शेवटी माळ उलटी जोडा. ओढ तशीच राहिली तर ती बॅटरीचीच, कारण व्होल्टेजच्या वर्गात उणे चिन्ह उरत नाही. फरक पडला तर जवळपास कुठेतरी घासलेले प्लॅस्टिक आहे.