ओहोटीला भरणारा वर्ग

आमच्या संस्थेची पहिली किनारा-सहल मी शनिवारी दहाला ठेवली, कारण बस दहालाच मिळत होती. तिथी अष्टमी. मुंबईतल्या कार्टर रोडच्या कठड्याशी चाळीस पोरं उभी आणि निम्मे कातळ पाण्याखाली. टोपली घेऊन चाललेल्या मावशी थांबल्या, "भांगाच्या पाण्यात काय बघणार गो?" (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं पाणी, ना धड चढतं ना धड हटतं.) तेव्हापासून आधी तिथी, मग बस.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. द्वितीयेला दीड. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी साडेसात. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी तेव्हा सर्वांत लांब हटतं. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ताही बघा आणि अर्ध्या मीटरच्या खाली जाणारी ओहोटी धरा. तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. पावसाळ्यात जाऊच नका.

सामान किरकोळ. दर मीटरला गाठ मारलेली दहा मीटर सुतळी, पट्ट्यांची अर्ध्या मीटरची चौकट, वही. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. शेवाळावर स्लिपर घात करते.

सुतळी कोरड्या कातळापासून पाण्याकडे ताणा. गाठीगाठीवर चौकट ठेवून तिघातिघांना बसवा. पहिली दहा मिनिटं कुणी नावं सांगायची नाहीत, तुम्हीसुद्धा. (शिक्षकांना हेच सर्वांत जड जातं.) फक्त बघायचं आणि मोजायचं. सहावीतल्या एकीने वरच्या गाठीशी साठ बारके शंख मोजले, खालच्या गाठीशी दोनच. तिथे मात्र समुद्रफुलं (सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी) होती. ती म्हणाली, "वरचे खाली का येत नाहीत?" मी गप्प बसले. वाद रंगला: खालच्यांना ऊन सोसत नाही, हे लगेच सुटलं. वरच्यांना खाली कोण राहू देत नाही, यावर खेकडा, शिकारी गोगलगाय, जागेची मारामारी असं सगळं निघालं.

नावं नंतर. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका; 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७पासून किनाऱ्यावरच्या नोंदी तिथेच जमवतो.

उचललेला दगड होता तसाच ठेवायचा. शंकूच्या आकाराचा शंख उचलायचा नाही, कोन गोगलगाय विषारी डंख मारते. आणि घरी काही न्यायचं नाही. निघताना खिसे मी स्वतः तपासते. मागच्या वेळी एका खिशातून शंख निघाला, आणि शंखातून चिडलेला खेकडा.