कोपर दुखतंय? आधी मनगट उचलणारा स्नायू शोधा

लोकलमध्ये हँडल घट्ट धरलं की बोटं मिटवणारे स्नायू मनगटालाही तळव्याकडे ओढतात. मनगट मागून धरून ठेवण्याचं मोठं काम एक्स्टेन्सर कार्पी रेडिअलिस ब्रेव्हिसचं. फिजिओ त्याला ईसीआरबी म्हणतात. मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवून मूठ आवळून बघा, पकड लगेच ढिली पडते.

हा कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकापासून निघतो आणि पंजाच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या लांब हाडाच्या बुडाशी चिकटतो. त्याचा जोडीदार एक्स्टेन्सर कार्पी रेडिअलिस लाँगस जरा वरून निघून तर्जनीच्या हाडाला लागतो. दोघंही रेडिअल नर्व्ह या हाताच्या नसेवर चालतात.

शोधायला हात टेबलावर ठेवा, कोपर काटकोनात, तळवा खाली. सैल मूठ करून मनगट वर उचला. बोटं उघडी ठेवलीत तर बोटं सरळ करणारा स्नायूही कामाला लागतो आणि भलतीच दोरी हाती लागते. मनगटाच्या मागे हाडाचा एक बारीक उंचवटा लागेल. त्याच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन ताठ दोऱ्या जाणवतात. मधल्या बोटाच्या रोखाने जाणारी आपली.

टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, बहुतेकदा याचीच कोपराकडची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बिघडते. रॅकेट कधी हातात न धरणाऱ्यांनाही होतो, कपडे पिळणं पुरतं. हाडाच्या टोकापासून पंजाच्या दिशेला जरा पुढे, साधारण १ सेंमीवर दाबलं की कळ येते.

व्यायामासाठी पंजा टेबलाच्या कडेबाहेर, तळवा खाली, कोपर वाकलेलं. आधी नुसता हात, मग अर्ध्या लिटरची भरलेली बाटली (वजन साधारण अर्धा किलो). दुसऱ्या हाताने पंजा वर उचला आणि एकट्या दुखऱ्या हाताने ३-४ सेकंदांत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, असे ३ सेट, दिवसातून एकदा. सगळे घाई करतात ती खाली सोडतानाच, आणि व्यायाम तर तिथेच आहे. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर वजन कमी करा. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात.

तोवर पिशवी उचलताना तळवा वर ठेवा. पट्टा बांधायचा तर हाडावर नको, दोन बोटं खाली, मांसल भागावर.

मुंग्या येत असतील किंवा न दुखताही मनगट उचलत नसेल, तर गडबड नसेची असू शकते. व्यायाम थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.