सहा फुटी फळीवर कोळशाची साइडिंग: या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला मॉडेल रेल्वेचा आराखडा दाखवायला येतं. कागदावर खाण असते, वीजकेंद्र असतं, पूल, बोगदा, दोन स्टेशनं असतात आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ‘सहा बाय दोन फूट’. मी एकच विचारतो: तुमची मालगाडी किती लांब? तिथेच बहुतेक जण अडतात. रूळ विकत घेऊन झालेले असतात, गाडीची लांबी मात्र कोणी मोजलेली नसते.

कोळशाच्या लेआउटचा हिशेब रेकपासूनच, म्हणजे एका गाडीला जोडलेल्या सगळ्या डब्यांपासूनच, सुरू होतो. आपली बॉक्सएन वाघीण, म्हणजे कोळशाचा उघडा मालडबा, 10.7 मीटर लांब असते. एचओ, म्हणजे 1:87 मापात ती साधारण 12.3 सेंटिमीटर होते. खऱ्या रेकमध्ये अशा 58 वाघिणी असतात. तेवढ्या मांडायच्या तर नुसत्या वाघिणीच 7 मीटरच्या वर जातात. घरात 6 पुरेत. त्या झाल्या 74 सेंटिमीटर, वर डब्ल्यूएजी-9 या मालगाडीच्या इंजिनाचे 24.

आता खरी मेख. बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी पहिली साइडिंग, म्हणजे गाडी भरायचा बाजूचा रूळ, घातली, तेव्हा अख्खी गाडी मावली म्हणून समाधानी होतो. वाघिणीत वरून कोळसा ओतणारा सायलो रुळाच्या टोकाला गाडी अडवणाऱ्या बफरपासून 40 सेंटिमीटरवर उभा केला, कारण तिथे तो छान दिसत होता. रुळाखाली खडी चिकटवली, सायलोला गंज चढवला, दिवे लावले. तीन महिने गेले. मग प्रतापनगरला रेल्वेत नोकरी केलेले शेजारचे काका बघायला आले. त्यांनी गाडी हळूहळू आत ढकलायला लावली. पहिली वाघीण सायलोखालून गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी सायलोच्या तोंडाखाली आली आणि सगळ्यात पुढची बफरला टेकली. काका म्हणाले, “अरे, मागच्या दोन कोण भरणार?”

सगळं उखडावं लागलं. खडी फेव्हिकॉलमध्ये घट्ट बसली होती, ती खरवडताना रूळही वाकले.

सायलोखाली प्रत्येक वाघीण आळीपाळीने यायची असेल, तर बफरच्या बाजूला पाच वाघिणींची जागा हवी आणि दुसऱ्या बाजूला पाच वाघिणी अधिक इंजिन. म्हणजे 62, मधल्या वाघिणीचे 12 आणि 86. एकूण 160 सेंटिमीटर सरळ रूळ. सहा फुटी फळीवर हा एकच रूळ जवळजवळ पूर्ण लांबी खातो. म्हणून खाण आणि वीजकेंद्र शेजारी शेजारी कोंबू नका. फळीच्या मधोमध उभा पडदा घाला, एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र, आणि दोन रूळ पडद्यातून आरपार. रिकाम्या वाघिणी खाणीकडून आत ढकलल्या की त्या वीजकेंद्राच्या बाजूला बाहेर येतात. भरलेल्या दुसऱ्या रुळावरून उलट्या दिशेने. कोळसा हाताने भरायचा-काढायचा प्रश्नच उरत नाही.

मी अजूनही आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो, खडूने रूळ आखतो आणि वाघिणीच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे त्यावर सरकवतो. दोन रविवार जातात. “पहिल्या रविवारीच गाडी धावायला हवी” म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. तेच लोक सहा महिन्यांनी खरवडणी घेऊन बसलेले दिसतात.

दुसरी चूक खडीची. बाजारची खडी महाग म्हणून नदीची बारीक वाळू चाळून वापरतात. मीही महीची वाळू आणली होती. तिच्यातले काळे कण मला कोळशासारखे वाटले, म्हणून मुद्दाम ठेवले. त्यात लोहाचे कण होते. इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाने ते ओढून घेतले आणि मोटर घरघरून बंद पडली. तेव्हापासून वाळू, खडी, कोळशाचा चुरा, काहीही असो, ताटलीत पसरून त्यावरून चुंबक फिरवल्याशिवाय फळीवर जात नाही.

सुटा कोळसा तर मुळीच नको. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या पात्यांत एक खडा अडकला की गाडी घसरलीच. थर्माकोलचा तुकडा वाघिणीत बसेल असा कापा, वर चाळलेला खरा कोळसा चिकटवा, आत एक खिळा ठेवा. चुंबकाने भार उचलता येतो. आणि तो निव्वळ काळा रंगवू नका. उन्हातला कोळसा करडा दिसतो.

बॉक्सएन वाघिणी ट्रॅक हॉपरवर, म्हणजे रुळाखालच्या कोळशाच्या खड्ड्यावर, उभ्या करू नका. त्यांचा तळ उघडत नाही. त्यांना उलटवणारा टिपलर लागतो. हॉपर हवा असेल तर तळातून कोळसा सोडणाऱ्या बीओबीआर वाघिणी घ्या.

रुळावरून रूळ नेण्याचा मोह सोडा. एचओमध्ये त्यासाठी 7-8 सेंटिमीटर उंची लागते. 3 टक्के चढाने ती गाठायला अडीच मीटर जातात. फळी आधीच संपते.

सहा चाकजोड्यांचं इंजिन 36 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर घालू नका.

डभोईची अरुंद रुळांवरची छोटी गाडीही याच फळीवर हवी, असं बडोद्यातलं प्रत्येक मूल म्हणतं. मला ती अतिशय प्रिय आहे. 1862 साली तिथे रुळांवर गाडी बैलांनी ओढली होती. तिचं 762 मिलिमीटर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एचओत 9 मिलिमीटरच्या रुळावर छान बसतं. पण तिला स्वतःची फळी द्या.

राहिला मे महिना. स्लॅबखालच्या खोलीत रूळ जानेवारीत टोकाला टोक भिडवून ठोकले, तर उन्हाळ्यात ते फुगतात. मी प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवतो आणि वीज पोचावी म्हणून प्रत्येक रुळाला खालून वेगळी तार डागतो.