बॅलन्सिंगचे वजन कुठे लावावे: सोलापुरातील टायरच्या दुकानातील अनुभव

आयटीआय पूर्ण करून मी सोलापुरात पुणे नाक्याच्या बाजूला एका टायरच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हा टायर चढवणे, पंक्चर काढणे ही कामे मला येत होती. बॅलन्सिंगच्या मशीनने, म्हणजे चाक फिरवून त्याचा तोल साधायला कुठे किती वजन लावायचे ते सांगणाऱ्या यंत्राने, मात्र पहिले सहा महिने माझा अक्षरशः घाम काढला. नव्याने या कामात येणाऱ्यांना तोच त्रास होताना पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अलॉय रिमची एक गाडी आली होती आणि मालक दुसऱ्या दिवशी पहाटे हैदराबादला निघणार होते. मशीन सकाळपासून लोखंडी रिमच्या मोडवर होते, म्हणजे दोन्ही कडांवर क्लिपची वजने ठोकायची असे गृहीत धरून ते हिशेब करत होते. त्याने आतल्या कडेला 30 आणि बाहेरच्या कडेला 35 ग्रॅम मागितले. बाहेरून वजन दिसू नये म्हणून मी ते 35 ग्रॅम आऱ्यांच्या मागे, रिमच्या आतल्या भागात चिकटवले. चाक पुन्हा फिरवल्यावर वेगळ्याच ठिकाणी नवे आकडे आले. मी आणखी पट्ट्या (चिकटवायची वजने) चिकटवल्या, तरी शून्य येईना. शेवटी 15 ग्रॅम शिल्लक असताना, उस्तादांच्या सांगण्यावरून, मी चाक गाडीला लावून दिले. दोन दिवसांनी मालक परत आले. नव्वदच्या पुढे स्टेअरिंग थरथरत होते आणि ते संपूर्ण रस्ताभर घरच्या माणसांसह धास्तावून गेले होते. तो चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

चूक नेमकी कुठे झाली, हे मला फार उशिरा समजले. मशीन ग्रॅमचा आकडा एका ठरावीक जागेसाठी देते. 15 इंची रिमची कड केंद्रापासून साधारण 19 सेंटिमीटरवर असते. तेथे 35 ग्रॅम जे काम करतात, तेच काम 16 सेंटिमीटरवर करण्यासाठी सुमारे 42 ग्रॅम लागतात. दुसरी गोष्ट रुंदीची आहे. मशीनने दोन वजनांमध्ये रिमच्या पूर्ण रुंदीएवढे, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटर अंतर धरले होते, तर मी बाहेरचे वजन आत सरकवल्यामुळे ते 9 सेंटिमीटरच उरले. चाकाचे वरखाली उसळणे एका जागी लावलेल्या वजनानेही थांबू शकते. त्याचे डावीउजवीकडे डोलणे थांबवण्यासाठी मात्र दोन वजनांमधील अंतरच उपयोगी पडते, आणि तेच मी कमी केले होते.

म्हणून चाक फिरवण्यापूर्वी वजनाची जागा ठरवावी. रिम नीट पाहावी, क्लिप कुठे बसेल आणि पट्टी कुठे चिकटेल हे ठरवून मशीनचा मोड त्याप्रमाणे निवडावा, आणि मोजमापाच्या दांड्याचे टोक पट्टी जेथे लागणार त्याच रेषेवर टेकवावे. वजन चाकाच्या वरच्या टोकाला लावायचे, खालच्या, की दांडा दाखवेल तेथे, हे प्रत्येक मशीनचे वेगळे असते. नव्या दुकानात पहिल्याच दिवशी ते विचारून घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

जुनी वजने आधी काढावीत. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती रिमच्या आत थापून वाळलेली असते. ती न धुता काढलेला आकडा हा मातीचा आकडा असतो. शून्य आल्यावर चाक सैल करून मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा वळवून पुन्हा फिरवावे. आकडा दहा ग्रॅमहून अधिक बदलला, तर चाक कोनवर, म्हणजे त्याला शाफ्टच्या मधोमध धरणाऱ्या शंकूवर, सरळ बसलेले नाही.

माझे उस्ताद टायरच्या कामात अतिशय निष्णात होते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही घाईच्या वेळी स्टॅटिक मोड लावून एकच वजन मधोमध चिकटवण्याची त्यांची पद्धत मला आज पूर्णपणे चुकीची वाटते, कारण त्या मोडमध्ये मशीन डोलण्याचा भाग दाखवतच नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाला कडेवरची 20 ग्रॅमची चूक जवळजवळ 3 किलोच्या जोराने चाक ओढते, तेही सेकंदाला साधारण 14 वेळा. वजन लावल्यावर चाक दुसऱ्यांदा फिरवून पाहणारा माणूस मिळाला, तर पगार थोडा कमी असला तरी त्याच्या हाताखाली शिकावे.

सुरुवातीला एका चाकाला अर्धा तास लागला तरी घाबरू नये; मलाही लागत असे. आऱ्यांच्या मागे लावायची वजने कडेपेक्षा जास्त येतात, त्यामुळे मोठा आकडा दिसला म्हणजे आपले काही चुकले असे समजू नये.

पट्टी लावण्यापूर्वी जागा थिनरने पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि अंगठ्याने सर्व बाजूंनी दाबावे. अलॉयमध्ये ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) त्या पट्टीच्या अगदी जवळून जातो, म्हणून चाक गाडीला बसवल्यावर, जॅक काढण्यापूर्वी, ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवून घासल्याचा आवाज येतो का ते ऐकावे.